तोडणारा कोण, सोसणारा कोण

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून भोर आणि वेल्हे (आताचे राजगड) हे दोन तालुके आहेत. नकाशा उघडला की आधी डोळ्यांत भरते ते पाणी: वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, कानंद खोऱ्यात गुंजवणी, आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव. दोन डोंगरी तालुक्यांच्या वाट्याला पाच मोठी धरणे, आणि त्या पाण्यावर जगणारी शहरे नि शेते बहुतेक सगळी खाली, पुण्यापासून बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत. याच मुलखाचा दुसराही एक नकाशा काढता येईल, तो देवरायांचा. शिरकोलीची शिरकाई, कुठे काळकाई, कुठे वाघजाई, कुठे भैरोबा किंवा म्हसोबा, अशा देवस्थानांभोवती राखलेल्या रानांचे ठिपके. ते इतके लहान, की जिल्ह्याच्या नकाशात दाखवायला टाचणीचे टोकही मोठे पडावे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवले की प्रश्न पडतो. ज्या खोऱ्यांत डोंगरच्या डोंगर बोडके झाले, त्याच खोऱ्यांत हे ठिपके हिरवे कसे राहिले? राखल्याचे श्रेय आपण श्रद्धेला देतो आणि नासाडीचे खापर वाढत्या लोकसंख्येवर, नाहीतर माणसाच्या हावरेपणावर फोडतो. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींत पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. या मुलखाचा इतिहास मला वेगळी वाट दाखवतो. झाड तोडणारा आणि ते तुटल्याचे सोसणारा जिथे एकच होता तिथे रान टिकले. या दोघांची फारकत झाली तिथे ते गेले, मग तोडणारा देवभोळा असो वा नास्तिक.

ही फारकत कळण्यासाठी आधी खोरे कसे चालत होते ते पाहायला हवे. आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 साली परिसंस्था ही कल्पना मांडली: सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा यांना सुटे सुटे न मोजता एकच चालती व्यवस्था समजायचे. मावळातले खोरे ही अशा व्यवस्थेची जवळजवळ पाठ्यपुस्तकी आकृती आहे. वर धारेवर धुवाधार पाऊस आणि कातळाचे सडे, खाली उतारावर रान, त्याखाली नाचणी-वरईचे डोंगरी तुकडे, आणि तळाशी नदीकाठी भाताची खाचरे. पूर्वेला भोर शहराकडे उतरावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. प्रशासनानेही हीच रचना जशीच्या तशी उचलली होती. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर: एका नदीचे खोरे आणि त्यावर एक देशमुखी. पुढे पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड असे पाच तालुके झाले. गडांच्या नावांवरून बहुतेक तालुके पाडणाऱ्या राज्याला डोंगर हीच आपली मालमत्ता आहे हे पक्के ठाऊक असणार.

खोऱ्यात माणसांचीही जागा ठरलेली होती. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवर 1982 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. गवळी धनगर माथ्यावर, जास्त पावसाच्या पठारांवर म्हशी घेऊन राहत आणि लोणी-तूप खाली विकत. कुणबी-मराठे खोऱ्याच्या तळाशी भात पिकवत. एकाने दुसऱ्याच्या जागेत पाय घातला तर दोघांचेही बिनसावे अशी ही वाटणी होती, त्यामुळे दोघांनाही आपापल्या हद्दीची फिकीर होती. एकाच रानातल्या दोन पक्ष्यांनी वेगवेगळ्या उंचीवरची फळे खावीत, तसा हा प्रकार. पर्यावरणशास्त्रात याला जीवनकोनाडा म्हणतात. पण पक्ष्यांचा कोनाडा चोचीच्या लांबीवर ठरतो आणि माणसांचा रूढीवर, सक्तीवर, जातीवर. हा फरक विसरून चालणार नाही. त्याकडे पुढे येतो.

खोऱ्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा भात होता आणि भाताचा कणा राब. राबाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्याआधी ऐन-किंजळीसारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, हा झाला कवळ. रोपासाठी निवडलेल्या वाफ्यावर खाली शेण, त्यावर वाळलेला कवळ, त्यावर गवत नि पालापाचोळा, आणि सगळ्यावर बारीक मातीचा पातळ थर पसरायचा. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत धुमसत पुढे सरकते. मातीच्या थराचे कामही हेच, आच वर न उडता खाली जिरावी. पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी टाकले की तरवा जोमाने उठतो आणि त्यात तण जवळपास नसते, कारण तणाचे बी आधीच भाजून निघालेले असते. एका खाचराच्या रोपासाठी कितीतरी झाडांचा कवळ लागे, म्हणून झाड बुडातून तोडणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. शेतकरी फांद्या छाटी, बुंधा राखी, आणि तेच झाड पुन्हा पुन्हा छाटायला मिळे. बांधावरची ठेंगणी, गाठाळ, डोक्यावर झुपका असलेली ऐनाची झाडे त्या हिशेबाची नोंदवही होती. इंग्रज वनखात्याला मात्र त्यात नुसती नासधूस दिसली. ठाणे-कुलाब्यात राबाच्या हक्कांवरून एवढी ओरड झाली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. या मुंबई वन आयोगाने 1887 साली अहवाल दिला. पुढे 1912 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबाची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापण्यातही आहे, हे त्यातून पुढे आले. मावळच्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेची भाषा येत नव्हती, एवढाच काय तो उणेपणा.

रान राखण्याला आणखी एक कारण होते आणि त्यात भक्तीचा लवलेश नव्हता. राजगड आणि तोरणा याच वेल्ह्यात आहेत. 1715 सालच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात गडाच्या घेऱ्यातली झाडी राखण्याची ताकीद आहे. शत्रूला वाट मिळू नये हा तिचा हेतू. त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे हेही आहे. सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. हा उतारा शिवकालीन पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून आज शाळेच्या फळ्यांवर लिहिला जातो. मला त्यात प्रेमापेक्षा हिशेब जास्त दिसतो, आणि तोच जास्त मोलाचा वाटतो. झाड सरकारने नेले तर दुःख रयतेला होणार, म्हणून रयतेची संमती आणि किंमत आधी. तोडणाऱ्याला सोसणाऱ्याच्या दारात उभे करण्याची ही राज्यकारभारातली युक्ती आहे. 1818 नंतर गडांचे लष्करी मोल संपले, आणि घेऱ्यातली झाडी राखण्याचे एक मोठे, रोखठोक कारण कुणाच्याही लक्षात न येता गळून पडले.

आता देवराई. 1970 च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांची पाहणी केली. 1975 आणि 1976 साली त्यांचे लेख आले, आणि या ठिपक्यांकडे जगाचे लक्ष गेले. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या 1962 सालच्या ग्रंथात पुण्याच्या आसपासच्या मातृदेवतांची आणि त्यांच्या रानांची नोंद केली होती. त्यांना त्यात शेतीपूर्व काळाचे अवशेष दिसले. वर्तक-गाडगीळांना तिथे आणखी काही दिसले. आजूबाजूला नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली या रायांत तग धरून होत्या. गारंबीची ती दांडगी वेल घ्या. तिची साल गुरांच्या औषधाला लागते आणि त्यासाठी माणसे दूरदूरच्या गावांहून राईत येत. एका अर्थी ती राई म्हणजे त्या टापूचे औषधाचे कपाटच. रायांचे नियम एकसारखे नव्हते, हेही त्यांनी नोंदवले. कुठे मेलेले लाकूड न्यायची मुभा, तर कुठे पडलेले पानही उचलायचे नाही. बऱ्याच ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही, ती उघड्यावरच बसते, अशी समजूत. गावाच्या कामाला लाकूड हवेच असेल तर गुरवाकरवी देवाला कौल लावायचा आणि उजवा कौल मिळाला तरच कुऱ्हाड उचलायची.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे भीतीपोटी होते, त्यात कसले शास्त्र? देवीचा कोप होईल, गुरे मरतील, घरात रोगराई येईल, म्हणून लोक राई राखत. परिसंस्था वाचवण्याचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण माणसे एखादा नियम कशासाठी पाळतात आणि तो नियम टिकतो कशामुळे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. भुताखेतांच्या भीतीचे नियम प्रत्येक गावात डझनांनी होते. त्यांतले बरेचसे रस्ता आला, शाळा आली, विजेचा दिवा आला तसे विरून गेले. देवराईचा नियम त्यांच्यापेक्षा चिवट निघाला तो तिच्यामुळे गावाला रोज काहीतरी मिळत होते म्हणून. राईच्या भुसभुशीत, पाचोळ्याने मऊ झालेल्या जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या अंगाला झऱ्यातून पाझरते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाचे उदाहरण गाडगीळांनी सांगितले आहे. वनखात्याने तिथल्या काळकाईच्या राईत तोडीसाठी झाडांवर खुणा केल्या, तेव्हा ती वाचवावी म्हणून गावकऱ्यांनी धाव घेतली. राई गेली तर ओढा आटेल, ही त्यांची धास्ती होती. देवीचे नाव आणि ओढ्याचे पाणी ही दोन कारणे त्यांच्या बोलण्यात वेगळी नव्हतीच. कौलाकडेही या नजरेने पाहावे. तो चार लोकांदेखत लागतो, त्याला वेळ लागतो, आणि ज्याला लाकूड हवे त्याला आपली गरज गावासमोर बोलून दाखवावी लागते. आजच्या भाषेत ही जाहीर सुनावणीच. फरक इतकाच, की आजच्या सुनावणीला निकाल आधीच ठरलेला असण्याची शंका येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गावकरी एवढे शहाणे होते तर देवराईबाहेरचे रान कुणी संपवले? डोंगर जाळून नाचणी-वरई कुणी पेरली? म्हशींचे कळप कुणी चारले? या आक्षेपात तथ्य आहे. डोंगरउतारावरची फिरती शेती रानाला मोठी झळ पोहोचवते. एक तुकडा दोन-तीन वर्षे कसून सोडून दिला तर तो पुन्हा रान व्हायला पुरेशी वर्षे मिळावी लागतात, आणि माणसे वाढली की ती मिळत नाहीत. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने 1968 साली याचाच सिद्धान्त केला. जे सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, प्रत्येकजण आपले एक जनावर जास्त चारतो आणि कुरण संपते. हार्डिनचे म्हणणे मावळाला लावून पाहिले की त्यातली फट दिसते. त्याच्या कुरणात कुणी कुणाशी बोलत नाही. मावळातल्या वाडीत दुसऱ्याने किती कवळ तोडला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. सामायिक साधने नियम करून राखणाऱ्या समाजांवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरचे पुरावे गोळा केले आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की ज्यांना नियमाचा तोटा सोसायचा आहे त्यांचाच नियम करण्यात हात असेल तर सामायिक मालमत्ता टिकू शकते. मावळात रान झिजत होते, यात शंका नाही. पण ते झिजत होते आणि भरूनही येत होते. झिजणे आणि निखळणे यांत फरक आहे, आणि निखळण्याची तारीख बऱ्यापैकी सांगता येते.

ती सांगताना भाटघरपासून सुरुवात करावी लागते. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. त्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भोर संस्थानाच्या खोऱ्यात भाटघरला धरण बांधले गेले. व्हायटिंग या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा तो जलाशय 1890 च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाला. त्याच्या जागी मोठे लॉइड धरण 1928 साली उभे राहिले. बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळांवर ऊस डोलू लागला आणि वेळवंड खोऱ्यातली सुपीक खाचरे पाण्याखाली गेली. पहिल्यांदाच असे झाले, की खोऱ्यात होणाऱ्या गोष्टींचा लाभ खोऱ्याबाहेर ठरू लागला. तरीही भाटघरने सारे रान एकदम संपवले नाही, कारण लाकडाला बाहेर जायला सोपी वाट नव्हती. ती वाट पानशेतने दिली.

पानशेतचे नाव काढले की पुणेकराला 12 जुलै 1961 आठवतो: अर्धवट बांधलेले धरण फुटले, खडकवासलाही वाहून गेले, नदीकाठचे पुणे पाण्याखाली बुडाले. ती आठवण रास्तच आहे. पण पानशेतच्या वरच्या बाजूला त्या वर्षांत जे घडत होते ते वर्तमानपत्रांत कधी आलेच नाही. गाडगीळांनी 1979 साली डोंगर, धरणे आणि जंगले यांच्या नात्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पश्चिम घाटातले तीन प्रदेश होते: महाराष्ट्रातले पानशेत, कर्नाटकातली काळी नदी आणि तमिळनाडूतला वरचा निलगिरी. पानशेतची कहाणी त्यांत सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत कठोर आहे. धरणासाठी रस्ता आला. तळाची भातखाचरे बुडणार हे नक्की झाले. काही कुटुंबे खाली नव्या जागी गेली. काही मात्र डोंगरात वर सरकली आणि ज्या उतारांवर त्यांच्या वाडवडिलांनी नांगर घातला नसता तिथे शेती करू लागली. रस्त्यावरून कोळशाचे व्यापारी आले. मालकी जमिनीवरची झाडे कवडीमोलाने विकली गेली, भट्ट्या लागल्या आणि लाकडाचा कोळसा शहराकडे चालला. कोळशाची भट्टी राबाच्या नेमकी उलट असते. ओंडके रचून, वर पाला नि माती लिंपून, हवा कोंडून ते अनेक दिवस जाळायचे. त्यासाठी फांद्या पुरत नाहीत, बुंधा लागतो, आणि बुंधा गेला की पुढल्या वर्षीचा कवळ गेला. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐन राखला त्यानेच तो विकला. त्याची अक्कल रातोरात नाहीशी झाली असे कुणी म्हणणार नाही. त्याचे खाचरच बुडणार होते. ज्या तरव्यासाठी कवळ लागायचा तो तरवाच उरणार नव्हता. सोसण्याचे कारण संपले तिथे राखण्याचे कारण संपले.

शहराच्या बाजूने हाच व्यवहार पाहिला तर तो विचित्र वाटतो. धरण ज्या शहराच्या नळांसाठी, त्याच शहराच्या शेगड्यांसाठी धरणाच्या डोक्यावरचे रान जळत होते. उघड्या पडलेल्या उताराची माती पावसात धरणात येते आणि धरणाचे आयुष्य कमी करते. म्हणजे तोडणारा व्यापारी, पेटवणारे शहर आणि गाळ सोसणारी पुढची पिढी, असे तीन निरनिराळे लोक झाले. खोऱ्यातल्या वाडीत हे तिघे एकाच घरात राहत होते. आणि याच काळात, याच खोऱ्यांत, बोडक्या उतारांवर देवराया मात्र दाट हिरव्या राहिल्या. व्यापाऱ्याने त्यांनाही भाव दिला नसेल असे समजायचे कारण नाही. पण राई कुणा एकाची नव्हती. ती विकायची तर अख्ख्या गावाने हात वर करायला हवा होता.

यावर कुणी म्हणेल, की मग धरणे बांधायचीच नव्हती काय? 1876 च्या दुष्काळात जे मेले त्यांना हे सांगा. हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नीरेच्या कालव्याने माणसे जगवली, पुण्याची तहान पानशेत-वरसगावने भागवली. माझा मुद्दा धरणाच्या भिंतीविरुद्ध नाही. भिंत बांधताना पाण्याचा हिशेब झाला. पाणी जिथून येते त्या उताराचा हिशेब मात्र कोणत्याच खातेवहीत घातला गेला नाही. सिमेंट आणि दगड ही धरणाची किंमत मानली गेली, माथ्यावरची झाडी ही फुकटची देणगी. परिसंस्थेचे सगळे शास्त्र उलगडले तर त्यातून एवढेच निघते, की अशी फुकटची गोष्ट नसते. किंमत कुणीतरी कुठेतरी भरत असते, आणि बहुधा ज्याच्याकडे पावती मागण्याची ताकद नसते तो.

पावती मागण्याच्या ताकदीबद्दल बोलायचे तर जुन्या खोऱ्याचेही गोडवे गाता येत नाहीत. वर म्हटलेली वाटणी समान नव्हती. राबाला कवळ कुणी तोडायचा आणि कुणाच्या खाचरासाठी, राईत कुणी पाऊल टाकायचे आणि कुणी वेशीबाहेरून हात जोडायचे, पाणवठ्याची कोणती बाजू कुणाची, हे सगळे जातीने ठरलेले होते. कातकऱ्याला रानाची माहिती सर्वांत जास्त आणि रानावरचा हक्क सर्वांत कमी. देशमुखांच्या वाड्याला लागलेले लाकूड वेठीने वाहिले गेले असेल, तेव्हा तोडणारा आणि सोसणारा एक होता असे कसे म्हणायचे? म्हणता येत नाही. माझ्या प्रमेयाची ही कच्ची बाजू आहे आणि ती कच्चीच राहील. एवढे मात्र म्हणता येते, की त्या अन्यायात शोषक आणि शोषित एकाच ओढ्याचे पाणी पीत होते, जरी वेगवेगळ्या घाटांवर. ओढा आटला तर वाड्यातही घागर रिकामी येणार होती. अन्यायाला ते उत्तर नाही. रान का टिकले याचे ते स्पष्टीकरण आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. तो नीट पाहिला तर माझ्याच बाजूला झुकतो. आता कित्येक देवराया गावकरीच तोडतात. उघड्यावर बसणाऱ्या देवीला स्लॅबचे मंदिर, पुढे सभामंडप, फरशी, कमान, गाड्या लावायला मोकळी जागा, आणि त्यासाठी राईतली मोठमोठी झाडे. हे बाहेरच्या कंत्राटदाराने केलेले नाही, गावच्या जीर्णोद्धार समितीने केले. मग ‘सोसणारा तोडत नाही’ हे तत्त्व कुठे गेले? वर्गणीची यादी पाहावी. मावळातल्या बऱ्याच घरांतला कर्ता पुरुष दोन-तीन पिढ्या मुंबई-पुण्यात आहे. आधी गिरणीत होता, आता कारखान्यात नाहीतर रिक्षेवर आहे. यात्रेला तो गावी येतो, देवीवर त्याची श्रद्धा आहे आणि मंदिर भव्य व्हावे ही त्याची मनापासूनची इच्छा. पण त्याच्या घरात पाणी नळाने येते, राईखालच्या झऱ्याने नाही. त्याची भक्ती कमी झालेली नाही, झऱ्याशी असलेला त्याचा व्यवहार संपला आहे. नुसत्या श्रद्धेने राई राखली असती, तर श्रद्धेचा बडेजाव एवढा वाढलेल्या काळात राया फोफावायला हव्या होत्या.

ही फारकत एकदा झाली की पुन्हा सांधता येते का, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. त्या शहराचे पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरातून येते. ते गाळण्याचा प्रचंड खर्चाचा प्रकल्प बांधण्याऐवजी शहराने 1997 साली वरच्या गावांशी करार केला. तुम्ही उतार नि ओढे जपा, त्याचा खर्च आम्ही उचलतो. हा करार शहराच्या चांगुलपणाने झाला नाही, वरची गावे संघटित होऊन टेबलाच्या पलीकडे बसली म्हणून झाला. वेल्ह्याच्या बाजूने टेबलावर कोण बसणार, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. परंपरेने राखलेल्या वनावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क हा कायदा मानतो. भोर-वेल्ह्यात मात्र एक अडचण येते. इथल्या महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांना अनुसूचित जमात म्हणून हा दावा तुलनेने सोपा. मराठा-कुणबी आणि धनगर वाड्या ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात मोडतात, आणि त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. धरणात गावठाण बुडालेल्या, दोनदा वर सरकलेल्या वाडीने एवढा जुना कागद आणायचा कुठून? कायद्याखालच्या नियमांनी पुरावा म्हणून केवळ कागदच मागितलेला नाही. वस्तीचे जुनेपण दाखवणाऱ्या खुणांच्या यादीत विहिरी आहेत, दफनभूमी आहेत, आणि पवित्र स्थळेही आहेत.